ग्लासगोच्या पाचव्या इनिंगमधली दुरुस्ती

‘काका, शनिवारी ग्लासगोला येता का? आमची स्कोरर हॉलिडेला गेलीये.’ इराचा मेसेज वाचला आणि चहाचा कप खाली ठेवायच्या आत तिकीट काढलं. इरा ही माझ्या नागपूरच्या मित्राची, डॉ. शिरीषची मुलगी. जन्म ग्लासगोचा, आणि तिथल्या एका हौशी क्लबात बेसबॉल खेळते. या ब्लॉगवर रोज मॅच, गाणी आणि सिनेमे यांवर लिहिणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला खऱ्या सामन्याचं स्कोरिंग करायला बोलावणं म्हणजे काय, हे नियमित वाचकांना सांगायला नको. बेसबॉल मला कुणी शिकवला नाही. रेकॉर्डिंग थांबवून थांबवून, आलेखाच्या कागदावर चौकोन आखून मी तो शिकलो. आणि मी पेननं लिहितो. पेन्सिलवाल्यांचा मला भरवसा नाही.

लंडनमधल्या पिनरहून मेट्रोपॉलिटन लाइननं युस्टन स्क्वेअर, तिथून पाच मिनिटं चालत युस्टन, आणि पुढे थेट ग्लासगो सेंट्रल. साडेचार तासांच्या आसपास लागतात. तिकीट आधी काढाल तर बरंच स्वस्त पडतं. माझ्यासारखं चार दिवस आधी काढू नका. जाताना डाव्या बाजूची खिडकी घ्या, लँकेस्टरनंतर क्षणभर समुद्र दिसतो. कानात हार्मोनियमचं एकल वादन होतं. डोंगर सुरू झाले तेव्हा द्रुत लय लागली, हा निव्वळ योग.

स्टेशनवर शिरीष उभा होता. “वजन वाढलंय तुझं.”

“स्कोरबुकाचं आहे ते,” मी म्हणालो.

मैदान म्हणजे शहराच्या दक्षिणेकडचं साधं पार्क. शेजारच्या कॅफेत बटाट्याची जाडसर पोळी पावात घालून देतात, ‘टॅटी स्कोन रोल’ म्हणून मागा. शाकाहारी माणसाचं जेवण तीन पौंडांत होतं. रेनकोट मात्र न्याच, जुलै असला तरी.

क्लबचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, कॅलम. वय सेहेचाळीस, पेशानं पोस्टमन. खांद्याचं ऑपरेशन ठरलेलं, त्यामुळे हा त्याचा शेवटचा सामना. वीस वर्षं खेळूनही त्याच्या नावावर एकही ‘नो-हिटर’ नव्हता. चेंडू मारून बॅटरनं बेस गाठला की ती हिट; संपूर्ण सामन्यात समोरच्यांना एकही हिट मिळू द्यायची नाही, याला नो-हिटर म्हणतात. आयुष्यभर खेळून अनेकांना तो मिळत नाही.

सामना सात इनिंगचा. चार इनिंग झाल्या तरी समोरच्यांच्या हिटच्या रकान्यात शून्य. बाकावर कुणी कॅलमशी बोलेना. अशा वेळी पिचरशी बोलायचं नाही हा तिथला रिवाज. पाचव्या इनिंगमध्ये एक उंच झेल आला, थेट मधल्या मैदानात, इराकडे. ती आधी पुढे धावली, मग थबकली, मग मागे वळली. चेंडू तिच्या मागे दोन हातांवर पडला. बॅटर दुसऱ्या बेसवर.

इथे निर्णय स्कोररचा. क्षेत्ररक्षकानं साधा झेल घालवला असेल तर त्याच्या नावावर ‘एरर’ पडते आणि पिचर सुटतो. नाहीतर हिट. माझ्या वहीच्या पहिल्याच पानावर लाल शाईनं अधोरेखित केलंय: चेंडूला हात लागला नाही, तर एरर नाही. मी हिट लिहिली.

इनिंग संपल्यावर इरा टेबलाशी आली. “काका, तो बॉल माझा होता. एरर द्या मला.”

“हात लागला का?”

“नाही, पण...”

“मग नियम नियम असतो, बेटा.”

क्लब जिंकला, चार-शून्य. सबंध सामन्यात ती एकच हिट. कॅलमनं माझ्याशी हात मिळवला आणि म्हणाला, “इतक्या लांबून आलास. बुक इतकं नीटनेटकं कधी नव्हतं.” त्याचा उजवा खांदा बर्फात बांधलेला होता.

संध्याकाळी शिरीषकडे साबुदाण्याची खिचडी आणि बेसबॉलचा एक सिनेमा. नायक शेवटच्या क्षणी चेंडू कुंपणापार धाडतो, तोच प्रकार. मी म्हणालो, “धावफलकावर एररचा रकानाच नाही. सिनेमावाल्यांना साधं एवढं कळत नाही.”

“सिनेमाच्या मिस्टेक्स तुम्हाला लगेच दिसतात, काका,” इरा म्हणाली आणि ताट उचलून आत गेली. शिरीष टीव्हीकडेच बघत राहिला.

रविवारी दुपारच्या गाडीत मी सिनेमाची चूक पुराव्यासकट मांडायची म्हणून अधिकृत नियमावली फोनवर उघडली. एररचंच प्रकरण, आणि त्यातच खाली एक टीप: एरर देण्यासाठी क्षेत्ररक्षकाचा चेंडूला स्पर्श झालेला असणं आवश्यक नाही. साध्या प्रयत्नात झेलता आला असता, एवढं पुरे.

मी ती चारदा वाचली. माझं लाल अक्षरातलं वाक्य कुठल्याशा समालोचकाच्या तोंडून ऐकलेलं होतं. नियम मी कधी उघडलाच नव्हता. आणि आता कुणी विचारणारही नव्हतं. कॅलम हसत घरी गेला होता. पण तीच नियमावली म्हणत होती की सामना संपल्यापासून चोवीस तासांत स्कोररला निर्णय बदलता येतो. साडेतीन तास उरले होते. कार्लाइल येत होतं, पुढे डोंगरात सिग्नल जातो.

“इरा, बुक तुझ्याकडे आहे ना? पाचवी इनिंग. माझी चूक झाली. हिट खोड आणि ‘ई-आठ’ लिही. आठ म्हणजे मधलं मैदान, म्हणजे तू.”

पलीकडून किंकाळी. “काका! थँक यू! मला एरर मिळाली!” एरर मिळाल्यावर इतकं खूश झालेलं माणूस मी पाहिलेलं नाही. ती पान घेऊन तडक कॅलमच्या घरी गेली.

पिनरला पोचलो तेव्हा उजेड होता. फोनवर फोटो आला होता: कॅलम, एक हात गळ्यातल्या झोळीत, दुसऱ्या हातात ते पान. खाली इराचा निरोप, ‘तो रडला, पण सांगू नका म्हणाला.’ कॅलम मराठी वाचत नाही, म्हणून लिहितोय.

या प्रवासातून काय उरलं म्हणाल, तर दोन माणसांचे आभार. एकीनं स्वतःच्या नावावर चूक मागितली, दुसऱ्यानं माझी चूक हसून सोसली. वहीच्या पहिल्या पानावरचं लाल वाक्य मी एका रेघेनं खोडलंय. पेन मात्र सोडलेलं नाही. रेघेखाली काय लिहिलं होतं, ते वाचता यायला हवं.