एकोणीस उत्तरं

पोस्टाच्या खिडकीमागे बाईंनी चौतीस वर्षं काढली आणि तेवढ्या वर्षांत त्यांच्या हातून एकही पत्र गहाळ झालं नाही. ही गोष्ट त्या सगळ्यांना सांगायच्या, आणि ऐकणारा जरा कंटाळलेला दिसला की पुन्हा पहिल्यापासून सांगायच्या. एकदा निम्मा पत्ता पुसलेलं पाकीट घेऊन त्या सुट्टीच्या दिवशी गल्लोगल्ली हिंडल्या होत्या आणि शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या एका म्हातारीच्या हातात ते देऊनच घरी आल्या होत्या. "पत्र ज्याचं त्याला," त्या म्हणायच्या. "मधल्या माणसाने त्यात तोंड घालायचं नाही." बोलणं सोपं असतं. बाईंनी एकदा तोंड घातलं होतं, आणि ते पोस्टात नव्हे, देवाच्या घरी.

रविवारी उपासना संपली की चर्चच्या मागच्या खोलीत बाईंचा वर्ग भरायचा. आठ ते बारा वर्षांची मुलं, दोन लांब बाकं, पाय मोडलेला म्हणून भिंतीला टेकवलेला फळा आणि समोरच्या भिंतीवर जगाचा नकाशा. परदेशी सेवेला गेलेल्या मिशनरी कुटुंबांबद्दल मुलांना शिकवणं हा बाईंचा खास विषय. आपल्या गावापासून त्या त्या देशापर्यंत नकाशावर लोकरीचा धागा ताणलेला असायचा. ज्या घरात मुलं असतील त्या घराचा धागा लाल. बाई स्वतः आगगाडीने चार तासांपलीकडे कधी गेल्या नव्हत्या. त्यांचे भाऊ चिडवायचे, "ताई, तू उंटावरून शेळ्या हाकतेस, आणि उंटही कुणीतरी उसना दिलेला." बाई हसायच्या. पण शिकवायच्या मात्र जीव ओतून. वर्गात एक रिकामी पेटी ठेवून विचारायच्या, "उद्या निघायचंय, परत कधी येऊ माहीत नाही, पेटीत काय घ्याल?" मुलं गोट्या, उशी, मांजर, आजी असं काहीही सांगायची. आजी पेटीत मावणार नाही यावर एकदा पाऊण तास वाद झाला होता.

मग एका वर्षी खरोखरच वर्गातलं एक घर निघालं. वडील डॉक्टर, आई नर्स आणि त्यांची नऊ वर्षांची एकुलती एक मुलगी. ती इतकी बारीक होती की सगळे तिला चिमणीच म्हणायचे. चिमणीची जिवाभावाची मैत्रीण म्हणजे बाईंची भाची, भावाची मुलगी, ठकी. बाईंनी लग्न केलं नव्हतं. त्या भाऊ-वहिनींकडेच राहायच्या, आणि ठकी आईपेक्षा आत्याच्या अंथरुणात जास्त झोपलेली. निरोपाच्या दिवशी दोघी मुली एकमेकींना अशा बिलगल्या की मोठ्या माणसांना त्यांची बोटं एकेक करून सोडवावी लागली. बाईंनी नकाशावर नवा लाल धागा ताणला. स्वतःच्या वर्गातून गेलेला पहिलाच धागा. त्या दिवशी त्यांची छाती अभिमानाने फुलली होती, हे त्यांनी पुढे स्वतःशीच कबूल केलं.

डॉक्टरांची पत्रं दोन महिन्यांनी यायची आणि बाई ती वर्गात वाचून दाखवायच्या. सात-आठ महिन्यांनी खिडकीवर एक वेगळंच पाकीट आलं. पत्ता वाकड्यातिकड्या बाळबोध अक्षरात होता: 'रविवारचा वर्ग, सगळ्या मुलांना.' पाठवणारी चिमणी. बाईंनी कौतुकाने घरी नेलं आणि जेवणाआधी उघडलं.

"मला इथे आवडत नाही," चिमणीने लिहिलं होतं. "आई-बाबा दिवसभर दवाखान्यात असतात. मला इथली भाषा येत नाही. शाळेतली मुलं माझ्यासारखं बोलून दाखवतात आणि हसतात. मला कुणी खेळायला घेत नाही. मला घरी यायचं आहे. आई-बाबांना सांगितलं तर त्यांना वाईट वाटेल म्हणून तुम्हाला सांगते. त्यांना कळवू नका. तुम्ही सगळ्यांनी प्रार्थना करा की आम्हाला परत बोलावतील. देव मुलांचं ऐकतो असं बाई म्हणायच्या. ठकीला सांगा, तिने जास्त करावी."

बाईंना त्या दिवशी जेवण गेलं नाही. पण पोरीसाठी जितका जीव तुटला, तितकीच दुसरीही काळजी लागली, आणि इथे खोटं बोलून उपयोग नाही. येत्या रविवारी चर्चची मोठी समिती त्यांचा वर्ग पाहायला येणार होती. नकाशा धुऊनपुसून ठेवला होता. मुलांनी 'मीही जाईन' हे गाणं पाठ केलं होतं. अशा वेळी हे पत्र वाचायचं? मुलं रडतील, मग एकही मूल जायला तयार होणार नाही, आयांच्या कानावर जाईल, समितीला वाटेल बाईंनी काय शिकवलं. चर्चच्या पाळकसाहेबांना दाखवावं असं एकदा मनात आलं. पण पाळकसाहेबांच्या तोंडात तीळ भिजत नसे. ते डॉक्टरांना कळवतील, आणि पोरीने तर कळवू नका म्हटलेलं. अडचण अशी सोयीची मिळाली की माणूस ती सोडत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं ठरवून बाईंनी मूठ झाकली.

रविवारी समिती मागच्या बाकावर बसली. बाईंनी हातात चिमणीचा कागद धरला आणि त्यावर नसलेलंच वाचलं. इथे उंच डोंगर आहेत. माझी एक शेळी आहे. आई-बाबा आजारी माणसांना बरं करतात. मी फार आनंदात आहे. शेळीवर मुलं खूश झाली, समितीतल्या एका बाईंनी डोळे पुसले. मग प्रत्येक मुलाने चिमणीला उत्तर लिहायचं ठरलं. शेवटचं वाक्य सगळ्यांचं सारखं आणि नीट असावं म्हणून बाईंनी ते नेहमीच्या पद्धतीने फळ्यावर लिहून दिलं: 'तुम्ही तिथेच राहावं म्हणून आम्ही रोज प्रार्थना करतो.'

एकोणीस मुलांची एकोणीस उत्तरं. बहुतेकांची सुरुवात एकच होती: 'तुझं पत्र बाईंनी वर्गात वाचून दाखवलं. आम्हाला खूप आवडलं.' ठकीने दोन्ही बाजू भरून लिहिलं होतं, कोपऱ्यात शेळी काढली होती, आणि खाली: 'तू किती नशीबवान. तिथेच राहा हं. मी सगळ्यांपेक्षा जास्त प्रार्थना करते.'

हे सगळं एका जाड पाकिटात घालून, स्वतः शिक्का मारून, बाईंनी पाठवलं. पाकीट वेळेवर पोचलं. त्यांच्या हातून पत्र कधी गहाळ होत नसे ना. चिमणीचा कागद पुढे काही दिवस त्यांच्या गीतपुस्तकात होता. मग एका दुपारी त्यांनी त्याचे बारीक तुकडे केले. हे पाकीट तिकडे एक पोर उघडणार आहे आणि आपलं रडगाणं ऐकूनच सगळ्यांनी हे लिहिलं असं तिला वाटणार आहे, हा विचार त्यांना त्या आठवड्यात शिवला नाही. आला तो दोन महिन्यांनी, खिडकीवर पावत्या फाडताना, आणि त्यांना स्टुलावर बसावं लागलं.

चिमणीने पुन्हा लिहिलं नाही. ठकीने मात्र लिहिलं, तीनदा, चारदा. रोज संध्याकाळी आत्या दारात आली की पहिला प्रश्न, "आलं?" बाई म्हणायच्या, "अगं, ती अभ्यासात असेल." पाच वर्षांनी डॉक्टरांचं कुटुंब रजेवर आलं, तेव्हा ठकी स्वतः विणलेला रुमाल घेऊन धावत गेली आणि अर्ध्या तासात तो रुमाल घेऊनच परत आली. चिमणी खोलीबाहेर आलीच नाही, डोकं दुखतंय म्हणाली. ती वर्गातही आली नाही. सुंठीवाचून खोकला गेला, असं बाईंच्या मनात आलं आणि त्याच क्षणी त्यांना स्वतःची किळस आली. पण किळस येऊनही माणूस तोंड उघडतोच असं नाही. ठकीने त्या रात्री विचारलं, "आत्या, माझं काय चुकलं?" बाई म्हणाल्या, "झोप आता."

ठकी मोठी झाली, तिचं लग्न झालं, मुलं झाली. चिमणीचं नाव ती क्वचित काढायची, पण काढायची. तीन वर्षांपूर्वी ती आजारी पडली आणि त्यातून उठली नाही. दवाखान्यात एके दुपारी, बाई तिला मोसंबं सोलून देत असताना, ती सहज बोलावं तशी म्हणाली, "चिमणीने मला का तोडलं, ते मला कधी कळलंच नाही बघ." बाईंच्या ओठांवर सगळं आलं होतं. तेवढ्यात नर्स ताप बघायला आली. नर्स दोन मिनिटांत गेली. बाईंचा धीर तिच्याआधीच गेला होता. नऊ दिवसांनी ठकी वारली.

यंदा डॉक्टर गेले. ते शेवटची वर्षं दुसऱ्या शहरात लेकीजवळ होते आणि त्यांना कुणाची ओळख राहिली नव्हती. त्यांच्या आठवणीची उपासना मात्र आपल्याच चर्चमध्ये व्हावी म्हणून चिमणी आली. शेहेचाळीस वर्षांची, अजून बारीकच, केस पांढरे झालेली. नवे तरुण पाळकसाहेब उत्साही, म्हणाले, "ताई, रविवारच्या वर्गाशीही दोन शब्द बोला ना. मुलांना मिशनरी कुटुंबांबद्दल बाईच शिकवतात, अजूनही." चिमणी म्हणाली, "हो, बोलते की."

बाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. आणि त्यांनी काय केलं? मुलांनी कोणते प्रश्न विचारायचे, ते चिठ्ठ्यांवर लिहून वाटले. तिथली फळं कोणती? शाळा कशी होती? जित्याची खोड, दुसरं काय.

मुलांनी चिठ्ठ्या वाचल्या, चिमणीने उत्तरं दिली. मग दोन वेण्यांची एक मुलगी चिठ्ठी उलटी ठेवून म्हणाली, "तुम्हाला जायचं होतं का पण?"

बाई अर्धवट उठल्या. चिमणी म्हणाली, "नाही. मला कुणी विचारलं नव्हतं. मला घरी यायचं होतं."

"मग सांगितलं का कुणाला?"

"सांगितलं होतं."

"मग?"

"मग काही नाही. सगळे माझ्यासाठी प्रार्थना करत होते." ती हे हसून म्हणाली आणि बाईंकडे तिने पाहिलंही नाही.

बाईंना वाटलं होतं तसं काही झालं नाही. एकही मूल रडलं नाही. उलट सगळी मुलं बाकावरून पुढे सरकली. कुणी विचारलं, तुम्ही रडलात का. कुणी विचारलं, तिथली भाषा मग आली का. आणि एकजण म्हणाला, माझी मावशी पण परत यायचं म्हणते, तिला मी पत्र लिहू का? इतक्या वर्षांत बाईंच्या वर्गात इतके खरे प्रश्न कधी आले नव्हते. छत्तीस वर्षांपूर्वीची ती एकोणीस पोरंही अशीच पुढे सरकली असती, हे त्यांना तिथे बसल्या बसल्या कळलं.

मुलं गेल्यावर चिमणी बाकं सरळ करू लागली. बाई म्हणाल्या, "राहू दे गं, चिमणे."

"बाई, मी खरं तर ठकीला भेटायला आलेय," ती म्हणाली. "सकाळपासून बघतेय, दिसली नाही. नावही नवऱ्याकडचं असेल, कुणाला विचारू कळेना. तिचा मी फार राग धरला होता. बाकीच्यांचं सोडा हो, ती पोरं होती. पण तिने असं लिहावं? माझं सगळं ऐकून? बाबा गेले आणि वाटलं, आता पुरे. आपणही पोरच होतो. तिला माफ करायचं आणि मोकळं व्हायचं. कुठे राहते ती?"

"ठकी गेली, चिमणे. तीन वर्षं झाली."

चिमणी बसली. मग हळूच म्हणाली, "मला उशीर झाला."

इथे बाई गप्प बसल्या असत्या तर कुणालाही काही कळलं नसतं. चिमणीने डोळे पुसले असते, पाया पडली असती आणि गेली असती. बाईंना ते दिसत होतं, आणि मूग गिळून बसायची त्यांना छत्तीस वर्षांची सवय होती.

"तिने तुझं पत्र ऐकलंच नव्हतं," त्या म्हणाल्या. "कुणीच नाही. मी वाचलं नाही ते. हातात धरलं आणि दुसरंच काहीतरी वाचलं. तू आनंदात आहेस, तुझी शेळी आहे, असलं. ते फळ्यावरचं वाक्यही माझंच. पोरांनी ज्या पत्राला उत्तरं लिहिली ते पत्र तुझं नव्हतंच."

"शेळी," चिमणी म्हणाली. "तिने शेळी काढली होती. मला वाटलं, ती माझी थट्टा करतेय."

"नाही गं. तिला वाटलं तुझी शेळी आहे. ती तुझ्या पत्राची वाट बघायची. रोज मला दारात अडवायची. मोठी झाल्यावरही म्हणायची, माझं काय चुकलं. दवाखान्यात सुद्धा म्हणाली."

चिमणीने मान वर करून बाईंकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर बाईंना बरं वाटलं असतं.

"मग तेव्हा तरी सांगितलंत ना तिला?" तिने विचारलं. "जाण्याआधी? तिचं काही चुकलं नव्हतं म्हणून?"

बाहेर मुलं अजून जिन्यावरून धडाधड चढत-उतरत होती.

"नाही," त्या म्हणाल्या.