शिवगंगेची वाळू

"पाणी नितळ दिसलं म्हणून निखळ नसतं," हे शिवगंगेचं ठरलेलं बोलणं. हॉटेलात पाण्याचा पेला पुढं आला तरी ती हेच म्हणायची, आणि मग गटागटा प्यायची.

रेणापूरच्या सिद्धलिंग किराणावाल्यांची ही थोरली लेक. नांदेडच्या विद्यापीठात ती संगणकावर वाळू रचते. दाण्यांमधल्या फटी, त्यांतून वळणं घेत जाणारं पाणी, आणि त्या पाण्यात सोडलेले लोखंडाचे कण. इतके बारीक की केसाच्या जाडीत हजार मावावेत. कोणता कण वाहत जाईल, कोणता दाण्याला चिकटून बसेल, हे ती पडद्यावर बघत बसते. जमिनीखालचं नासलेलं पाणी या कणांनी सुधारायचं, तर आधी ते तिथवर पोचले पाहिजेत. वाटेतच चिकटले तर सगळं मुसळ केरात.

यंदा घोडं इथंच अडलं. पडद्यावर कण वाळू पार करून सुखरूप बाहेर यायचे. प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळीत, खऱ्या वाळूत, ते तोंडाशीच गोळा व्हायचे. सोमवारी काम तपासायला समिती यायची होती. तोवर दोन्ही जुळलं नाही, तर आजवरचं काम मोडून नवी मांडणी करायची, असं तिच्या राघवेंद्र सरांनी सांगून टाकलं होतं.

"तुझी पडद्यावरची गोदावरी छान वाहते गं," सर म्हणाले. "नळीतलीच रुसली. वाळू धुतली होतीस ना?"

"लई वेळा, सर. नितळ निघेस्तोवर."

"कशानं?"

"बोअरच्या पाण्यानं."

सरांनी चष्मा काढला. "अगं, जारचं शुद्ध पाणी समोर होतं की!"

"ते? वाळू धुवायला?" शिवगंगेच्या तोंडून निघून गेलं. "टँकरमागं घागर घेऊन पळालेली माणसं आम्ही, सर. चांगलं पाणी बेसिनात ओतायचं कुणाच्या हाताला सुचतंय?"

दारातला शिपाई व्यंकटी खो खो हसला. "खरं हाय ताईचं! मीबी न्हाई वतलं असतं."

पण बोलता बोलता तीच थबकली. कण आणि वाळू, दोघांवर सारखाच विद्युतभार. म्हणून ते एकमेकांना लांब ढकलतात. बोअरच्या पाण्यातले क्षार दाण्यांवर बसले की ते ढकलणं लुळं पडतं, आणि कण सापडेल त्या दाण्याला मिठी मारतो. पडद्यावरची वाळू तिनं बिनक्षाराची धरली होती.

तिनं खुर्ची ओढली, पडद्यावरच्या दाण्यांवर क्षार चढवले नि हिशोब लावून दिला. दुपारच्या जेवणापर्यंत तिथलेही कण तोंडाशीच गोळा झाले, हुबेहूब नळीतल्यासारखे.

"मांडणी खरी हाय, सर. वाळूच खारट होती."

"अर्धं झालं. आता खरी वाळू गोडी कर, आणि कण पार जाऊ देत."

जारचं पाणी वाळूवर ओतायची वेळ आली, तेव्हा तिचा हात अडखळलाच. आधी तिनं खाली बादली ठेवली, मग ओतलं.

"काटकसरी बाई!" सर हसले.

ऊन कलताना नळीच्या खालच्या टोकातून काळसर पाणी ठिबकू लागलं. कण वाळू पार करून आले होते.

"सोमवारी बोलायला तूच उभी राहा," सर म्हणाले.

"राहते की," म्हणत तिनं धुवणाची बादली उचलली आणि आवारातल्या जास्वंदीकडं निघाली, थेंबही न सांडता. व्यंकटी दाराला टेकून ती भिंतीआड होईस्तोवर बघत राहिला.