मित्राच्या पाटावर

पितृपंधरवडा लागला की आमच्या भागात जेवणारी माणसं कमी पडतात. नांदेड-देगलूरकडं पित्तर घालायला भटजीच पाहिजे असं नसतं. गेलेल्या माणसाच्या वयाच्या, ओळखीच्या कुणाला तरी पाटावर बसवतात, गंध लावतात, टॉवेल-टोपी देतात आणि पोटभर जेवू घालतात. तो जेवला म्हणजे गेलेला जेवला. मला साखरेचा आजार निघाल्यापासून हा पंधरवडा मी जमेल तसा चुकवत आलो होतो. कधी शाळेची तपासणी पुढं करायची, कधी पोट बिघडल्याचं सांगायचं. गोड चालत नाही एवढं सांगून सुटका होत नाही. "पित्राला कुठं शुगर असती का सर?" असं म्हणतात आणि वाढतात.

त्या वर्षी देगलूरहून वहिनींचा फोन आला. वहिनी म्हणजे माझ्या मित्राची बायको. त्याला जाऊन दीड वर्ष झालं होतं आणि त्याचं हे पहिलंच पित्तर होतं.

"भाऊजी, तुमीच बसायचं. दुसऱ्या कुणाला बसवणार न्हाई मी."

"वहिनी, मला बी तोच आजार हाय. मी आलो तरी काय खाणार?"

"म्हणून तर," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

तो आणि मी बिलोली तालुक्यातल्या एकाच शाळेवर मास्तर म्हणून लागलो. साखरही आम्हा दोघांना मागंपुढं एकाच पावसाळ्यात निघाली. आधी त्याची निघाली, मग त्यानंच मला हसत हसत रक्त द्यायला नेलं. लोकांना वाटायचं, त्याला गोडाची फार आवड. तसं नव्हतं. त्याला नाही म्हणता येत नव्हतं. कुणाच्या घरी बारसं, कुणी नवा ट्रॅक्टर आणलेला, कुणाची पोरगी दहावी पास झालेली. पेढा पुढं आला की हा तोंड उघडायचा. मी डोळे वटारले की म्हणायचा, "माणूस दुखावतो रे." घरी मात्र वहिनी त्याला बिनसाखरेचा चहा देत, सणाला पुरणपोळी त्याच्या ताटात पडू देत नसत. त्यावरून त्या घरात रोजची धुसफूस. मग डाव्या पायाला जखम झाली, ती भरेना. दोन बोटं काढावी लागली. वर्षभरात किडन्या गेल्या. नांदेडच्या दवाखान्यात तो गेला तेव्हा मी बाहेर बाकड्यावर बसलो होतो.

"जा," माझी बायको म्हणाली. "तोंड गोड करण्यापुरतं खा आन् ऊठ."

मी पोचलो तेव्हा दुपार होती, पण आभाळ इतकं भरून आलेलं की गल्लीत संध्याकाळ झाल्यासारखं वाटत होतं. पाऊस पडत नव्हता. पानही हलत नव्हतं. वेलदोड्याचा आणि तुपाचा वास गल्लीच्या तोंडापासूनच येत होता. दारात त्याचे थोरले भाऊ उभे होते. हे गृहस्थ मला कायम 'या सर, बसा सर' म्हणत आलेले. त्या दिवशी म्हणाले, "आलास? पाय धू."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. पाय धुतले, आत गेलो. खिडक्या लावलेल्या होत्या. भिंतीवर त्याचा फोटो असायचा, तिथं फक्त रंग न उडालेला चौकोन होता. मी बघतोय हे त्याच्या मुलाच्या लक्षात आलं. मुलगा आता नोकरीला लागलेला, समजदार आहे.

"आईनं काढून ठिवला," तो हळू आवाजात म्हणाला. "आज फोटोचं काम न्हाई म्हणली."

पाट घड्याळाखाली, स्वयंपाकघराकडं तोंड करून मांडला होता. ती त्याची जागा. इतकी वर्षं त्या घरी जेवलो, पण त्या जागेवर कधी बसलो नव्हतो. मी जरा बाजूला सरकून उभा राहिलो, तर थोरल्यांनी खांद्यावर हात ठेवून मला तिथंच बसवलं. गंध लावलं. केळीच्या पानावर वहिनी वाढू लागल्या. गवारीची भाजी, कारलं, कढी, वडे, भजी, भात, पुरणपोळी, तिच्यावर तूप. शेवटी पानाशेजारी खिरीची वाटी ठेवली. वाटी कसली, लहान तांब्याच म्हणा. वाढून झाल्यावर त्या माझ्या समोर भिंतीला टेकून बसल्या आणि माझ्या हाताकडं बघत राहिल्या. बाकी कुणीही जेवायला बसलं नव्हतं. पित्तर उठल्याशिवाय घरचे बसत नाहीत हे मला माहीत होतं. पण सगळे उभे राहून बघत असताना एकट्यानं खायचं म्हणजे तोंडातला घास आपला वाटत नाही.

मी कारलं खाल्लं, गवार खाल्ली, एक वडा कढीत बुडवून खाल्ला. पोळीचा लहानसा तुकडा मोडला. खिरीकडं हात नेला नाही.

"खीर घ्या," वहिनी म्हणाल्या.

"घेतो."

वरच्या घड्याळाची टिकटिक डोक्यात पडत होती.

"दवाखान्यात मागितली होती तुमी," वहिनी म्हणाल्या. "चमचाभर दे म्हणलात. मी दिली न्हाई."

मी मान वर केली. वहिनी नवऱ्यालाही 'तुमी'च म्हणत आणि मलाही. त्यामुळं त्या कुणाशी बोलताहेत ते कळायला मला क्षणभर वेळ लागला. त्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या, पण ज्या नजरेनं भाऊजीकडं बघतात ती ही नजर नव्हती. तशी नजर मी त्यांच्या डोळ्यांत पूर्वी पाहिली होती. तो बाहेरून खाऊन घरी आला की त्या त्याच्याकडं अशाच बघत.

"वहिनी, मी—"

"आज तुमी तुमी न्हाईत," थोरले मागून म्हणाले. "घरात मिळालं न्हाई म्हणून भाऊ माझा लोकाच्या दारी खात फिरला. आज घरात बसून खा. त्येच्या तोंडानं खा. न्हाई तर तसाच उपाशी जाईल तो."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. रोजचं काही सांगावं तसं ते सांगत होते. उठून जावं असं वाटलं, पण भरल्या पानावरून पित्तर उठला तर त्या घराला काय वाटेल, या विचारानं मी बसूनच राहिलो. आणि त्याच वेळी मला कळलं की तो आयुष्यभर असाच बसून राहत होता.

तेवढ्यात आतल्या खोलीतून त्याची आई आली. माय थकलेली आहे, डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही. भिंत धरून येते. तिचं माहेर तेलंगणातलं, त्यामुळं मायेनं बोलताना तिच्या तोंडी तेलुगू येतं.

"रा बाबा, रा," ती म्हणाली. ये बाळा, ये. मी तर बसलेलोच होतो. ती चाचपडत आली आणि माझ्या डाव्या बाजूला बसली. मी मांडी घातलेली, डावं पाऊल पाटाच्या बाहेर आलेलं. तिनं आधी माझा गुडघा चाचपला, मग हात खाली खाली नेत पावलावर ठेवला.

"माय, ते काका हायत," मुलगा म्हणाला. तिनं ऐकलं नाही.

ती माझ्या पायाची बोटं मोजू लागली. अंगठ्यापासून सुरुवात केली. एकेक बोट चिमटीत धरायची, दाबायची आणि पुढच्यावर जायची. तिच्या नखांना हळद लागलेली होती. करंगळीपर्यंत गेली, परत अंगठ्याकडं आली.

"हायत की," ती म्हणाली. "समदी हायत. आली परत."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. मी मायच्या हाताकडं बघत होतो. ती माझं मधलं बोट चांगलं जोर लावून दाबत होती, इतकं की तिच्या नखाखालची कातडी पांढरी पडलेली मला दिसत होती. आणि मला काही लागत नव्हतं. हात बोटावर आहे हेसुद्धा जाणवत नव्हतं. डोळ्यांना दिसत होतं तेवढंच. दुसऱ्या कुणाच्या तरी पायाकडं बघावं तसा मी माझ्या पायाकडं बघत होतो. त्या अंधाऱ्या खोलीत, त्याच्या जागेवर बसून, तो पाय माझाच आहे असं मला शपथेवर सांगता आलं नसतं.

वहिनी पुढं सरकल्या. त्यांनी खिरीची वाटी उचलली आणि माझ्या तोंडाजवळ आणली.

पुढचं मला नीट आठवत नाही. म्हणजे वाटीचा गरमपणा ओठाला लागला ते आठवतं. मग मी काहीतरी बोललो. फार मोठ्यानं नाही. वहिनींचा हात जिथल्या तिथं थांबला आणि थोडी खीर माझ्या पानावर सांडली.

माय हसली. "नको म्हणला," ती म्हणाली. "पयल्यांदाच म्हणला बघ."

वहिनींनी वाटी खाली ठेवली, उचलली आणि स्वयंपाकघरात नेली. त्यानंतर मला कुणीही काही खा म्हणालं नाही. मी भात कालवून दोन घास खाल्ले आणि हात धुतले. टॉवेल-टोपी देताना सगळे पाया पडले. थोरले माझ्यापेक्षा बरेच मोठे, पण तेही वाकले. त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं नाही.

मुलगा मला मोटारसायकलवर स्टँडला सोडायला आला. बस लागलेली होती. मी चढणार तेवढ्यात तो म्हणाला, "काका, एक विचारू? तुमी आईला 'तुला' म्हणलात."

"कधी?"

"नको म्हणलो ना तुला, असं म्हणलात."

मी वहिनींना जन्मात कधी 'तू' म्हटलेलं नाही. तसं मी त्याला सांगितलं. त्यानं मान हलवली.

"बाबा म्हणायचे तिला तू," तो म्हणाला. "नको मात्र म्हणायचे न्हाईत कधी." आणखी काहीतरी त्याच्या तोंडाशी आलं होतं. "आवाज बी..." एवढंच म्हणून त्यानं गाडीला किक मारली.

बसमध्ये मी चप्पल काढून पाय मांडीवर घेतला. शेजारच्या बाईनं तोंड फिरवलं. वाटेत नरसीचं स्टँड येईपर्यंत मी एकेक बोट चिमटत होतो. गेले काही महिने पायातली चप्पल कधी निसटते ते मला कळत नव्हतं. दोनदा तर उंबऱ्यापाशी चप्पल राहिली आणि मी अनवाणीच अंगणात गेलेलो. मी त्याचा दोष चपलेला देत होतो. नवी आणली, तीही निसटायची.

नांदेडला डॉक्टरांनी मला डोळे मिटायला लावले. त्यांच्या हातात दोऱ्यासारखी बारीक तार होती. "मी टेकवली की हो म्हणा," ते म्हणाले. मी डोळे मिटून वाट बघत बसलो. बराच वेळ झाला तरी ते सुरू करेनात, म्हणून मी विचारलं, "करताय ना सुरू?"

"डावा पाय झाला तुमचा," ते म्हणाले.

गोळ्या बदलल्या, सुई सुरू झाली. अनवाणी चालायचं नाही, आंघोळीचं पाणी आधी हातानं बघायचं. रोज संध्याकाळी बायको माझे तळवे उजेडात धरून बघते, काही लागलंय का, काही रुतलंय का. त्याच्या पायाला पहिल्यांदा काय लागलं होतं ते आम्हाला कुणालाच माहीत नाही. त्यालाही नव्हतं.

त्या दुपारची गोष्ट मी बायकोशिवाय कुणाला सांगितली नाही. पण देगलूरहून ती बिलोलीला गेली, तिथून आमच्या शाळेपर्यंत आली. पित्तर बोललं म्हणे. सरांच्या अंगात मित्र आला आणि बायकोला म्हणाला, नको. पुढच्या वर्षीच्या पंधरवड्यात मला एकाही घरचं बोलावणं आलं नाही. मग उदगीरला एका लग्नात पंगतीला बसलो होतो. वाढपी बुंदीचं भगुणं घेऊन आला, चमचा भरला. मी नेहमीसारखा पानावर आडवा हात धरला आणि नको म्हणालो. एरवी हे वाढपी हात बाजूला सारून वाढतात, शेजारचे 'घ्या हो सर, एवढ्यानं काय होतंय' म्हणतात. त्या दिवशी शेजारच्यानं वाढप्याला कोपरानं ढोसलं. वाढपी माझ्याकडं बघत एक पाऊल मागं सरकला आणि पुढचं पान सोडून त्याच्या पलीकडच्याला वाढू लागला. शेजारचा माणूस, ज्याला बुंदी हवी होती, तोही काही बोलला नाही.

आता सगळीकडं असंच होतं. मी नको म्हणालो की लगेच ऐकतात. ज्यासाठी मी इतकी वर्षं खोटंनाटं बोललो ते आपोआप मिळालं. पण जेवताना माझ्या दोन्ही बाजूंची माणसं जरा अंतर ठेवून बसतात. मी खुलासा करायला गेलो नाही. काय खुलासा करणार? त्या वेळी मी काय बोललो ते मी स्वतः ऐकलेलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात वहिनी मुलाकडं नांदेडला आल्या होत्या. मी भेटायला गेलो. त्याचा फोटो आता मुलाच्या घरात लावलेला होता. वहिनींनी बिनसाखरेचा चहा केला, स्वतःलाही तसाच घेतला. मुलगा बाजारात गेला तेव्हा त्यांनी कप खाली ठेवला.

"भाऊजी, खरं सांगा. त्या दिवशी नको म्हणलं ते तुमीच ना?"

मी म्हणालो की मीच असणार, दुसरं कोण.

"तुमी असाल तर त्यांची खीर तशीच राहिली," त्या म्हणाल्या. "ते असतील तर मग मी दिली न्हाई ते बरोबर होतं."

बाहेर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. त्या उत्तराची वाट बघत होत्या आणि घाईत नव्हत्या.

"वहिनी, मला खरंच सांगता येत नाही," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, कप परत उचलला आणि चहा पिऊ लागल्या. मीही प्यायलो.