मोडीत निघालेल्या रायफलीसाठी कात्रज आणि विश्रांतवाडी

लोक सुट्टीत कोकणात जातात. मी रविवारी वारज्याहून कात्रजला गेले, कारण लष्कराने मोडीत काढलेल्या रायफली तिथे स्वस्तात मिळतात अशी जाहिरात होती. मी शाळेत इतिहास शिकवते. घरी जुनी लष्करी हेल्मेटं, बिल्ले, पाण्याच्या बाटल्या जमवल्यात. रायफल तेवढी नव्हती. सोबत सलीमभाई होते. त्यांच्या वडिलांचं कॅम्पात बंदूकदुरुस्तीचं दुकान होतं.

जाणार असाल तर आठच्या आत निघा. नऊनंतर कात्रज चौकात गाडी चालत नाही, फक्त तापते. तिथली मिसळ दीडशेत दोघांची होते. लाल रंग भरपूर, चव शोधावी लागते.

विक्रेत्याचं 'दालन' म्हणजे पत्र्याची शेड. भिंतीवर रायफलींची रांग.

"महायुद्धातल्या आहेत मॅडम, अस्सल!"

सलीमभाईंनी एक उचलली, आत डोकावले, नखाने रंग खरवडला. "नळाचा पाइप आहे."

विक्रेता ढिम्म. "अहो, भिंतीवरच टांगायची ना? मग आत कशाला बघता?"

कागद मागितले तर त्याने व्हिजिटिंग कार्ड दिलं. निकामी केलेल्या रायफलीलाही सरकारी कागद लागतात. ते नसतील तर पुढची सहल पोलीस चौकीची, आणि तिथे कुणी चहा विचारत नाही.

दुसरा पत्ता विश्रांतवाडीचा. शहर आडवं कापायला सव्वा तास लागला. निवृत्त सुभेदार, ऐंशीच्या पुढचे, एकटेच राहणारे. त्यांची रायफल रीतसर घेतलेली, नळी बुजवलेली, कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत. सलीमभाईंनी ती तपासून हळूच खाली ठेवली. "ही खरी."

"शेवटची किंमत सांगा," मी म्हणाले.

"आधी उचला. हात सरळ समोर. कोपर वाकवायचं नाही."

उचलली. हात थरथरायला लागले.

"वीस सेकंद," ते घड्याळ बघत म्हणाले. "चुकलो की आम्हाला ही डोक्यावर धरून मैदानभर पळवायचे. कुठे टांगणार?"

"दिवाणखान्यात. सोफ्याच्या वर."

"वा. पाहुण्यांना आवडेल."

रायफल म्हणजे नुसती भिंतीची शोभा समजतो म्हणून कात्रजच्या माणसाला मी मनात जे जे बोलले होते, ते त्या दोन वाक्यांत मला परत मिळालं.

"मग विकताय कशाला?"

"मुलाकडे राहायला चाललोय. सून म्हणते, घरात लहान मुलं आहेत, बंदूक नको. बरोबर आहे तिचं." बोलताना ते दस्त्यावरची एकच जागा फडक्याने पुसत होते.

मी ती त्यांच्या पलटणीच्या संग्रहालयाला द्यायचं सुचवलं. ते म्हणाले, पत्र लिहायला हात साथ देत नाही. मग मीच लिहायला बसले.

"'शौर्य' खोडा," ते म्हणाले. "'रायफल, नग एक' लिहा. त्यांना तेवढं कळतं."

संग्रहालयाने होकार कळवला, परवानगीचे सोपस्कार झाले आणि रायफल गेली. ती पोचल्याचा सुभेदारांचा फोन आला तेव्हा सलीमभाई माझ्याकडेच होते.

"चांगलं झालं की. मग चेहरा असा का?"

"मला हवी होती," मी म्हणाले. "अजूनही हवी आहे."