शेवटच्या अंकाचा रंग

आमच्या नाटक मंडळीत मेकअप करणाऱ्या दादाला चेहरा कळतो, माणूस कळत नाही. कपडेपट सांभाळता सांभाळता मी त्याला हे तोंडावर सांगत आले आहे. साठीचा नट तो तिशीचा करून दाखवतो, म्हणून त्याला वाटतं, रंग लावला की माणूस काहीतरी लपवणारच.

आमचं जुनं शोकनाटक त्याला तोंडपाठ. गोडबोल्या प्रधानाचं ऐकून राजा निरपराध राणीवर संशय घेतो आणि शेवटच्या अंकात ती झुरून मरते. दादा विंगेतून दर वेळी पुटपुटतो, "राजा कसला, ठोंब्या! समोरचं दिसत नाही मेल्याला."

असा हा शहाणा एकदा राणीच्या गालावर रंग चढवताना मध्येच थांबला.

"तुझी वहिनी हल्ली लाली लावते," मला म्हणाला.

"लावू दे की. तुझ्या का पोटात दुखतं?"

"माझ्याच पेटीतली लावते, चोरून. आणि दुपारी बाहेर जाते. विचारलं तर म्हणे मैत्रिणीकडे! मैत्रिणीसाठी गाल कोण रंगवतं?"

राणी झालेली नटी कान टवकारून बसली. खरं सांगते, माझ्याही मनात शंकेची पाल चुकचुकली.

दुसऱ्या दुपारी तो मला साक्षीला घेऊन निघाला. वहिनी पुढे, आम्ही मागे, दुकानांच्या पाट्या वाचल्याचं सोंग करत. वहिनी मध्येच भिंतीशी थांबली.

"बघ, कुणाचीतरी वाट बघतेय," दादा कुजबुजला.

तिने भिंतीला हात टेकला होता, ते मला दिसलं. तरी मीही मान डोलावली.

ती बोळात वळून एक जिना चढली. आम्ही पाठोपाठ. वर दवाखाना होता आणि बाकावर बसून वहिनी ओल्या रुमालाने गाल खसाखसा पुसत होती.

"कुणासाठी रंगवतेस?" दादा ओरडलाच.

ती दचकली, मग भडकली. "तुमच्यासाठी! घरात तुम्हाला कळू नये म्हणून लावते. इथे डॉक्टरांना खरा रंग बघायचा असतो, म्हणून पुसते. झालं समाधान?"

लालीखाली तिचा चेहरा पार पिवळा पडला होता. तो पिवळा दादाला ओळखीचा होता. शेवटच्या अंकासाठी राणीला लावायला तो स्वतः अगदी तसाच कालवतो.

मला तिथे उभं राहवेना. दादा तिच्याशेजारी बसला, रुमाल घेतला आणि उरलेली लाली हलक्या हाताने पुसू लागला.

संध्याकाळी प्रयोग होता. वहिनीला तिच्या बहिणीपाशी सोडून तो आला. पहिले अंक त्याने कसेबसे निभावले. शेवटच्या अंकाआधी पिवळा कालवला, पण हात राणीच्या गालापर्यंत जाईना.

"तू लाव," असं मला म्हणून तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

मी लावला. पुढे रंगमंचावर राजा राणीपाशी बसून रडला, तेव्हा दादा विंगेतच होता. त्या दिवशी तो राजाला काहीच बोलला नाही.