न घातलेली अट

कियोए शिओमीबाईंना कोणी गार चहा दिला, तरी ‘छान झालाय हो’ म्हणून पिऊन टाकतील. स्वभावच भिडस्त. मोगामी नदीकाठच्या विद्यापीठात अन्नशास्त्र शिकवायच्या, विद्यार्थ्यांना चांगल्या धाकात ठेवायच्या. पण दारात पाहुणा उभा राहिला की बाईंची वाचाच बसायची.

त्यांचे वडील गेन्झो जन्मभर नव्या वर्षाला सगळ्या गल्लीचा भात कांडायचे. उखळात वाफाळता चिकट भात, वर मुसळाचे घाव, आणि मग रश्श्यात सोडायचे ते पांढरे गोळे. त्यांच्याशिवाय वर्ष सुरू होतं का कधी? पण अर्धांगाचा झटका आला आणि गेन्झोंना धड गिळता येईना. असा गोळा घशात अडकून आमच्याकडे जपानात दर वर्षी म्हातारी माणसं दगावतात. वृद्धाश्रमाने बजावलं, घरचं काही आणायचं नाही. रीतसर विकत मिळणारं, पाकीटबंद तेवढंच चालेल.

मग बाईंनी जिवाचं रान केलं. दाताला चिकट लागावा पण घशात विरघळून जावा, असा गोळा प्रयोगशाळेत बनवला. पैसा आणि यंत्रं एका खाद्यकंपनीची. कंपनीचे हिरुकावा दर उन्हाळ्यात आणि वर्षाअखेरीला मिठाईचा डबा घेऊन यायचे, गेन्झोंची आपुलकीने चौकशी करायचे.

पेटंट विद्यापीठ आणि कंपनी अशा दोघांच्या नावे घ्यायचं ठरलं. विद्यापीठात पेटंटचं काम बघणारा तोकुरा मात्र फटकळ. सह्यांच्या आदल्या दिवशी म्हणाला, “बाई, एक अट घालून घ्या. कंपनीने तीन वर्षांत माल बाजारात आणला नाही, तर आपण तो दुसऱ्याला बनवायला देणार. नाहीतर त्यांच्या होकाराशिवाय आपल्याला कुणालाच देता येणार नाही.”

“अहो, तोंडावर असं कसं म्हणायचं? तुमचा भरवसा नाही, असंच झालं की ते!”

“झालं तर झालं. मिठाई द्यायला का येतात ते? पेटंट न्यायला येतात.”

“तुमची जीभ फार तिखट आहे हं, तोकुरा.”

दुसऱ्या दिवशी हिरुकावांनी आपणहून विचारलं, “बाई, आणखी काही घालायचंय का यात?” तोकुराने बाईंकडे पाहिलं. बाई हसून म्हणाल्या, “छे छे, आपल्यात कसल्या अटी?” भीड भिकेची बहीण म्हणतात, ते काय उगाच!

धड गिळता न येणाऱ्यांसाठी रस्सा घट्ट करायचं कंपनीचं जुनं पीठ वृद्धाश्रमांत धडाक्याने खपत होतं. नवा गोळा आला तर ते कोण घेणार? कंपनीने पेटंट फडताळात टाकलं आणि विसरून गेली. नदीपलीकडचा एक मिठाईवाला गोळे बनवायला तयार झाला, तेव्हा बाईंनी धीर करून परवानगी मागितली. हिरुकावांनी दातांतून श्वास ओढला. म्हणाले, “वरच्यांच्या कानावर घालून विचार करतो.” आमच्याकडे ‘विचार करतो’ म्हणजे नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. बाईंनी मान तुकवली आणि आभार मानले!

दर नव्या वर्षाला गेन्झो तोच पिठाळ रस्सा चमच्याने चाटत विचारायचे, “किये, तुझा गोळा कधी गं येणार?”

“पुढच्या वर्षी, बाबा.”

“बरं बरं. मग कवळी घासून ठेवतो.”

कवळी घासता घासता म्हातारा गेला. नवं वर्ष तोंडावर आलं होतं.

अंत्यविधीला हिरुकावा बर्फ तुडवत आले. उदबत्ती लावली, डोळे पुसले, अगदी मनापासून पुसले. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, “बाई, माझ्याकडून काही होण्यासारखं असेल तर संकोच करू नका.”

वाक्य बाईंच्या जिभेवर आलं होतं. ‘तेवढा होकार आणून द्या. माझ्या बाबांचं राहून गेलं, निदान दुसऱ्या कुणाच्या बाबांना तरी खाऊ द्या.’ मागे तोकुरा श्वास रोखून उभा होता.

बाई कमरेत वाकल्या. “एवढ्या बर्फातून आलात,” त्या म्हणाल्या, “फार त्रास झाला असेल तुम्हाला.”

घरी येऊन त्यांनी बाबांच्या तसबिरीपुढे गोळा ठेवला. प्रयोगशाळेतला नव्हे, गल्लीत कांडलेला, साधा, चिकट. आता तो बाबांच्या घशात अडकणार नव्हता.