काचेवरच्या दोन रेघा

शिंदेबाईंनी दोन कागद खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले. दोन्हींवर एकेक वेडीवाकडी रेघ होती. अणुभट्टीतून सुटणारे किती न्यूट्रॉन लोखंड अडवतं, हे ती रेघ सांगते. मूळ आकडे एकच, पण त्यांच्यावर प्रक्रिया करणारी सॉफ्टवेअर दोन. त्यातलं एक बाई चालवतात, दुसरं मी. उत्तरं जुळेपर्यंत एकमेकींशी कामाचं बोलायचं नाही, हा आमचा नियम. त्यामुळे महिनाभर आमच्या गप्पा डब्यातल्या भाजीपुरत्याच.

मागच्या आठवड्यात रेघा जुळल्या नव्हत्या. माझ्या रेघेची शिखरं उगाच टोकदार आली होती; लोखंड तापलेलं असलं की ती पसरट व्हायला हवीत. चार दिवस डोकं खाजवल्यावर कळलं, अणुभट्टीचं तापमान भरायचंच मी विसरले होते. भट्टीजवळचं लोखंड माझ्याकडे बिचारं गारठून बसलं होतं!

आज बाईंनी कागद जरासा सरकवला आणि दोन रेघांची एकच झाली.

"जुळलं गं बाई एकदाचं!" त्या म्हणाल्या. माझा जीव भांड्यात पडला.

एरवी माणसांचं एकमत झालं की मला संशयच येतो. बहुतेकदा कुणीतरी कंटाळून मान डोलावलेली असते. इथे मात्र आम्ही दोघी, एकमेकींना न विचारता, वेगवेगळ्या वाटांनी एकाच दाराशी पोहोचलो होतो.

या रेघेवरून आता भट्टीभोवतीच्या लोखंडी भिंतीची जाडी ठरेल. पलीकडे काम करणारं कुणीतरी थकून तिला सहज पाठ टेकेल. आपण कशाला टेकलोय, हा विचार त्याच्या मनात एकदाही न येवो.